एक मैत्रीण पुण्यात, दुसरी जर्मनीत: दोघींनी मिळून कपड्यांचा छोटा व्यवसाय कसा सुरू करावा

माझी मैत्रीण आणि मी सातवीपासून एका बाकावर बसायचो. आता ती श्टुटगार्टजवळ राहते आणि मी पुण्यात. खणाची जॅकेटं, कुर्ते आणि स्टोल मी इथे शिवून घेते, ती तिकडे विकते. सुरुवातीला कुठला कागद आधी करायचा आणि कुठला नंतर, हे सांगणारं आम्हाला कोणी भेटलं नाही. काही गोष्टी उलट्या क्रमाने केल्या आणि त्याचे पैसेही मोजले. तुमची मैत्रीण दुसऱ्या कुठल्या देशात असेल तर तिकडचे नियम वेगळे असतील, पण कामाचा क्रम साधारण हाच राहील. करांचे दर आणि मर्यादा बदलत असतात, म्हणून प्रत्येक मोठ्या पावलाआधी इथल्या सीएला आणि तिकडच्या कर सल्लागाराला विचारा.

१. सगळ्यात आधी तिचा व्हिसा वाचा

नाव, लोगो, इन्स्टाग्राम पेज हे सगळं नंतर. परदेशातल्या मैत्रिणीला तिथे स्वतःचा व्यवसाय करायची परवानगी आहे का, हे आधी बघा. जर्मनीत राहण्याच्या कार्डासोबत एक हिरवट जोडपत्र मिळतं, त्यावर अटी छापलेल्या असतात. 'एर्वेर्ब्सटेटिशकाइट एर्लाउब्ट' असं लिहिलं असेल तर नोकरी आणि स्वतःचा व्यवसाय दोन्ही चालतात. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे तिथे गेलेल्यांच्या कार्डावर बहुतेक वेळा हेच असतं. विद्यार्थी व्हिसावर किंवा एखाद्या कंपनीच्या नोकरीवर गेलेल्यांना मात्र व्यवसायासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. ती नोकरी करत असेल तर नोकरीच्या करारात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा आणि कंपनीला लेखी कळवा.

इथे सापळा असा की 'चारच कुर्ते तर विकतोय, कोण बघतंय' असं वाटतं. कुर्ते चार असोत की चाळीस, पणाला तिचं तिथलं राहणं लागतं. परवानगी नसेल तर तोपर्यंत तिला डिझाइनबद्दल मत विचारा, विक्री करायला लावू नका.

२. एक धंदा की दोन, ते ठरवा

आमचं पहिलं स्वप्न एकत्र कंपनी काढायचं होतं. तशी ती काढता येते. एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) किमान दोन नियुक्त भागीदार लागतात आणि त्यातली एक तरी आर्थिक वर्षात १२० दिवस भारतात राहिलेली असावी लागते. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये एका संचालकासाठी हीच अट १८२ दिवसांची आहे. पण पहिल्या दिवसापासून वार्षिक फायलिंग, परदेशी गुंतवणुकीचे नियम आणि दोन्ही देशांतल्या करांची गुंतागुंत मागे लागते. वर्षाला शे-दीडशे कपडे विकणाऱ्यांना ते झेपत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीला दोन स्वतंत्र व्यवसाय ठेवा. इथली मैत्रीण प्रोप्रायटर म्हणून माल शिवते आणि निर्यात करते. तिकडची मैत्रीण स्वतःच्या नावाने तो माल विकत घेऊन आयात करते आणि ग्राहकाला विकते. मधे खरं बिल, खरी रक्कम, बँकेतून. ब्रँडचं नाव एक, धंदे दोन. ऐकायला कोरडं वाटतं, पण प्रत्येकीचा हिशोब आपापल्या देशात स्वच्छ राहतो. उद्या दोघींपैकी एकीला थांबावंसं वाटलं, तर दुसरीचं दुकान बंद पडत नाही.

३. आपसातला करार लिहून काढा

मराठी घरात 'मैत्रीत कसला हिशोब' हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो. आमच्यात सगळ्यात मोठा दुरावा याच वाक्यामुळे आला.

पहिल्या वर्षी आम्ही काहीच लिहिलं नव्हतं. मी कापड, शिवणारे मास्टर आणि कुरिअर यांचा खर्च मोजत होते. ती मात्र रोज संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर इस्त्री करायची, फोटो काढायची, ग्राहकांना उत्तरं द्यायची, परत आलेले कपडे तपासून पुन्हा घडी घालायची, आणि हे कुठेच मोजलं जात नव्हतं. जानेवारीत एका रविवारी फोनवर मी सहज म्हटलं, "या वेळी फोटो जरा उशिरा आले गं." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्याकडे मास्टर आहेत. माझ्याकडे मीच आहे." तिचं बरोबर होतं. त्याच आठवड्यात आम्ही वही घेऊन बसलो.

करार मराठीतच लिहिला तरी चालेल, पण लिहा. आमच्या दोन पानांत एवढं आहे:

- कुठलं काम कोणाचं, आणि आठवड्याला साधारण किती तास.
- इथला घाऊक भाव कसा ठरतो: कापड, अस्तर, शिलाई, काज-बटण, पॅकिंग आणि वर माझी ठरलेली टक्केवारी.
- तिकडची विक्रीची किंमत तीच ठरवणार. तिकडचे सगळे खर्च तिचे आणि वरचा नफाही तिचा.
- न विकला गेलेला माल कोणाचा. आमच्याकडे सहा महिन्यांनंतरचं नुकसान अर्धं-अर्धं. ती अर्धी रक्कम पुढच्या बिलात सूट म्हणून दाखवतो, आणि सूट कशाची ते बिलावर लिहितो.
- शिलाईतली चूक माझी. तिकडे साठवताना किंवा पाठवताना झालेलं नुकसान तिचं.
- ब्रँडचं नाव, फोटो आणि सोशल मीडियाचे पासवर्ड कोणाच्या नावावर. ट्रेडमार्क प्रत्येक देशात वेगळा नोंदवावा लागतो, हे इथेच लक्षात घ्या.
- एकीला बाहेर पडायचं असेल तर तीन महिने आधी सांगायचं. शिल्लक माल आणि उरलेलं कापड कोणत्या भावाने वाटून घ्यायचं.

शेवटचा मुद्दा लिहिताना दोघींना कसंतरीच झालं. तरी लिहा. सगळं गोडीत चाललंय तोवरच तो नीट लिहिता येतो.

४. इथली कागदपत्रं

- पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक.
- चालू खातं. बचत खात्यावर धंदा करू नका.
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद. ही सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. पैसे मागणारी, हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं बरीच आहेत, त्यांच्यापासून सांभाळा.
- आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. हा डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्कात मिळतो आणि तुमचा पॅन क्रमांक हाच तुमचा कोड असतो. एजंट यासाठी काही हजार मागतात. अर्ज तासाभरात स्वतः भरता येतो.
- जीएसटी नोंदणी. आपली विक्री ४० लाखांच्या खाली आहे, मग कशाला, असं वाटेल. पण निर्यात ही आंतरराज्य पुरवठ्यात धरतात, म्हणून सीएशी बोलून नोंदणी घ्याच.
- एलयूटी, म्हणजे लेटर ऑफ अंडरटेकिंग किंवा हमीपत्र. हा अर्ज जीएसटी पोर्टलवर भरला की आयजीएसटी (आंतरराज्य पुरवठ्यावरचा जीएसटी) न भरता निर्यात करता येते. मुदत आर्थिक वर्षापुरतीच असते.
- एडी कोड. परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या बँकेचा हा क्रमांक बँकेकडून घ्यायचा आणि माल जिथून निघणार त्या कस्टम ठाण्यावर नोंदवायचा.

एडी कोडसाठी मला तीन वेळा बँकेत जावं लागलं, कारण शाखेतल्या मंडळींना असं पत्र द्यायची सवय नव्हती. शाखेत न जाता थेट बँकेच्या परकीय चलन विभागाचा पत्ता विचारा. वेळ वाचेल.

५. तिकडची कागदपत्रं

जर्मनीत शहराच्या व्यवसाय नोंदणी कार्यालयात नोंद करायची. त्याला 'गेवेर्बे' काढणं म्हणतात. मग 'एल्स्टर' या सरकारी कर पोर्टलवर प्रश्नावली भरली की कर क्रमांक मिळतो. आयातीसाठी ईओआरआय क्रमांक लागतो, तो सीमाशुल्क खात्याकडून मोफत मिळतो.

नवख्यांचं दोन गोष्टींकडे हमखास दुर्लक्ष होतं. पहिली, पॅकिंग. ग्राहकाच्या घरी खोका किंवा पाकीट पाठवणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला पहिल्या पाकिटापासून 'लुसिड' या नोंदवहीत नाव घालावं लागतं आणि कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेशी करार करावा लागतो. दुसरी, संकेतस्थळावर नाव, पत्ता आणि ईमेल उघडपणे द्यावा लागतो, ज्याला तिकडे 'इम्प्रेसुम' म्हणतात. घरचा पत्ता सगळ्यांना दिसणार, हे तिला आधीच सांगून ठेवा.

१३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात उत्पादन सुरक्षेचा नवा नियमही लागू आहे. वस्तूवर किंवा पॅकिंगवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि युरोपातल्या जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता हवा. आयात करणारी मैत्रीण हीच ती जबाबदार व्यक्ती ठरते. म्हणजे रंग गेला, बटण तुटलं, कोणाला पुरळ आलं, तर कायद्यासमोर ती उभी राहणार आहे. पुण्यात बसून कापड निवडताना हे माझ्या कायम डोक्यात असतं.

६. कापड: इथे घाई करू नका

खण मूळचा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. पण बाजारात खण म्हणून मिळणारा बराचसा माल पॉलिएस्टर मिसळलेला यंत्रमागाचा असतो. तो विकण्यात गैर काही नाही, गैर आहे ते त्याला सुती म्हणणं. युरोपीय संघात प्रत्येक कपड्यावर धाग्यांचं प्रमाण टक्क्यांत आणि त्या देशाच्या भाषेत लिहावं लागतं. जर्मनीत कापसाला 'बाउमवोले', रेशमाला 'झाइडे'. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर लेबल छापून घेऊ नका.

रविवार पेठेतून तागा उचलायच्या आधी मी एक काम करते. काठातून एक उभा आणि एक आडवा धागा ओढून घेते आणि बाहेर येऊन काडीने जाळते. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरली तर मऊ करडी राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा, कडक मणी तयार होतो. दोन्ही दिशांचे धागे तपासा, कारण कित्येकदा ताणा एक आणि बाणा दुसराच असतो. हे फक्त चाळणी म्हणून. लेबलवरची टक्केवारी प्रयोगशाळेतूनच घ्या. मुंबईत प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटीची प्रयोगशाळा आहे.

तिथेच अ‍ॅझो रंगांची तपासणीही करून घ्या. काही अ‍ॅझो रंगांतून अमाइन नावाची घातक रसायनं सुटतात. अंगाला लागणाऱ्या कपड्यात त्यांचं प्रमाण किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर युरोपीय संघात तो माल विकता येत नाही. रंगाच्या प्रत्येक नव्या लॉटची चाचणी वेगळी.

आमच्या पहिल्या खेपेत २२ जॅकेटं होती. डाळिंबी खण आणि आत पांढरं सुती अस्तर. तिने नमुना म्हणून एक जॅकेट कोमट पाण्यात धुतलं आणि मला व्हिडिओ कॉल केला. अस्तर काखेपासून खिशापर्यंत गुलाबी झालं होतं. तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं होतं, बोलत काहीच नव्हती. मी कापड धुऊन न बघता मास्टरांकडे टाकलं होतं. बाकीची २१ जॅकेटं विकायची नाहीत, असं दोघींनी तिथेच ठरवलं.

तेव्हापासून नियम असा: प्रत्येक ताग्यातून अर्धा मीटर कापायचं, बाहेरची चौकट पेनाने आखून ठेवायची, पांढऱ्या ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवायचं, मग धुऊन वाळवून पुन्हा मोजायचं. फडक्यावर रंग उतरला तर तागा परत. कापड आटलं तर सगळं कापड आधी पाण्यातून काढून मगच कटिंगला. आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, स्वतः मोजा. खणाचा पन्हा अरुंद असतो, पाठीला जोड द्यावा लागतो. काठ नक्की कुठे येणार हे मास्टरांना कागदावर काढून दाखवल्याशिवाय कात्री लावू देऊ नका.

७. मापं

एस, एम, एल विसरा. सेंटिमीटरमध्ये बोला. जर्मन ३८ नंबर म्हणजे छाती ८८ सेंटिमीटर, ४० म्हणजे ९२, ४२ म्हणजे ९६. हे अंगाचं माप झालं, त्यात सैलपणा धरून कपडा मोठा कापायचा. आपल्या मास्टरांचा तयार पॅटर्न तिकडे बाहीत आणि पाठीच्या लांबीत कमी पडतो. मैत्रिणीने ओळखीच्या तिथल्या चार-पाच जणींना नमुना घालायला द्यावा, हात पुढे करायला सांगावं आणि तेव्हाचे फोटो पाठवावेत. आरशासमोर सरळ उभं राहून काढलेल्या फोटोंतून खरी अडचण कळत नाही.

८. माल पाठवणं

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, 'गिफ्ट' लिहून पाठवणं. भेटवस्तूची ४५ युरोंपर्यंतची सूट खासगी माणसाने खासगी माणसाला पाठवलेल्या वस्तूला असते. विकायचा माल त्यात बसत नाही. दुसरा, सुट्टीला आलेल्या मैत्रिणीने बॅगेत ३० कुर्ते भरून नेणं. विमानप्रवाशांना असलेली ४३० युरोंची सवलत स्वतःच्या वापराच्या वस्तूंना आहे. विक्रीचा माल असेल तर विमानतळावर लाल मार्गाने जाऊन जाहीर करावा लागतो. तिसरा, बिलावर किंमत कमी लिहिणं. पकडलं गेलं तर दंड तिला आणि हरवलं तर विमा त्याच कमी किमतीचा.

कुरिअरने पाठवताना सीएसबी-५ प्रकारचं शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) करायला सांगा. सीएसबी-४ नमुने आणि भेटवस्तूंसाठी असतं. काही एजंट सोपं म्हणून तेच करून देतात आणि मग निर्यातीची नोंदच होत नाही. टपालानेही पाठवता येतं. डाकघर निर्यात केंद्र असलेल्या पोस्टातून टपालाचं निर्यात बिल ऑनलाइन भरता येतं आणि छोट्या खेपांना ते स्वस्त पडतं.

एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारे आकडे, स्वतः पाठ करून ठेवा: शाली आणि स्टोल ६२१४, बायकांची जॅकेटं आणि ड्रेस ६२०४, टॉप-ब्लाउज ६२०६. हे मागावर विणलेल्या कापडाचे. होजिअरीचे कोड ६१ ने सुरू होतात.

९. पैसा कसा यायला हवा

मैत्रीण म्हणून तिने तुमच्या बचत खात्यावर पैसे टाकले की बँकेत ते कुटुंबाच्या खर्चासाठी आलेले म्हणून नोंदले जाऊ शकतात. पैसा कशाचा ते सांगणारा बँकेचा त्यासाठीचा कोड पी१३०१. मग निर्यातीचं बिल बँकेच्या नोंदीत उघडंच राहतं आणि वर्षभराने पत्र येतं. पैसे चालू खात्यावर, बिल क्रमांक लिहून, योग्य कोडने यायला हवेत: आगाऊ रक्कम पी०१०३, माल गेल्यावर वसुलीला पाठवलेल्या बिलाची रक्कम पी०१०२. प्रत्येक जमेची पावती बँकेकडून मागून घ्या आणि बिल, शिपिंग बिल, पावती असे तीन कागद एकत्र टाचून ठेवा. आम्ही निम्मी रक्कम आधी, निम्मी माल पोचल्यावर असं करतो. मास्टरांचे पैसे त्यामुळे अडत नाहीत.

१०. किंमत

समजा बिल १०० युरोंचं आणि वाहतूक २० युरो. सीमाशुल्क या १२० वर लागतं. बहुतेक शिवलेल्या कपड्यांवर युरोपीय संघाचा मूळ दर १२ टक्के, म्हणजे १४.४० युरो. झाले १३४.४०. त्यावर १९ टक्के आयात व्हॅट, म्हणजे २५.५४. शंभराचा माल तिच्या दारात १५९.९४ युरोंना पडला.

आता यातला बारकावा. तिची मागच्या वर्षीची विक्री २५,००० युरोंच्या आत असेल तर ती छोट्या व्यावसायिकांची सवलत घेऊ शकते आणि ग्राहकाकडून व्हॅट घ्यावा लागत नाही. पण मग आयातीवर भरलेला व्हॅटही परत मिळत नाही, ते २५.५४ खर्चात जातात. आम्ही हे सोडून किंमत लावली होती आणि पहिले तीन महिने विक्री चांगली होऊनही तिच्या हातात काही उरलं नाही. कुठला मार्ग बरा ते तिथल्या कर सल्लागाराकडून पहिल्या खेपेआधीच आकडे मांडून घ्या.

परतीचाही खर्च धरा. ऑनलाइन घेतलेला कपडा ग्राहकाला १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येतो. खास त्या ग्राहकाच्या मापाने शिवलेल्या कपड्याला हा नियम नाही, पण ठरलेल्या नंबरांतून निवडलेल्याला आहे.

११. रोजचं काम आणि वर्षाचं वेळापत्रक

पुणे जर्मनीच्या पुढे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी फरक बदलतो, तेव्हा फोनची वेळ पुन्हा ठरवा. धंद्याचा फोन आम्ही बुधवारी करतो, हाताशी यादी घेऊन. रविवारचा फोन फक्त आमचा, त्यात कापडाचं नाव काढायचं नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने एवढं लिहून ठेवा: ३१ मार्चला एलयूटीची मुदत संपते, नवा भरा. एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती पोर्टलवर दरवर्षी अद्ययावत करायची, काही बदललं नसलं तरी. नाहीतर कोड बंद पडतो. तिकडची मराठी मंडळी गणपतीसाठी कपडे घेतात, तो माल आषाढी एकादशीपर्यंत पुण्यातून निघायला हवा. दिवाळीच्या मालाचं कटिंग गणपतीआधी संपवा, कारण पितृपक्ष संपला की मास्टरांकडे इथल्या गिऱ्हाइकांची रांग लागते आणि दसऱ्यानंतर आमचे मास्टर बाहेरचं नवीन काम घेत नाहीत. नाताळसाठी जर्मन ग्राहक स्टोल मागतात. ते शिवायला सोपे आहेत, दिवाळीच्या मालाबरोबर एकाच खेपेत पाठवून द्या, वाहतुकीचे पैसे वाचतात.